मिठाची ओल

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय.

"पाखरांचे फोटो काढण्याच्या नादात मागं सरकताना तोल जाऊन खदानीत पडला व जागीच मयत झाला." असं पंचनाम्यात लिहिलंत, खाली सही ठोकलीत आणि गाडीत बसून काचा वर केल्यात. हे सगळं खदानीच्या तळाला उभं राहून लिहिलंत. वर चढा म्हणून एक बाई तुम्हाला सांगत होती. सांगून सांगून तिचा घसा बसला. तुम्ही चढला नाहीत. वर काय होतं ते आता ऐका. ऐकून झाल्यावर फाइल मिटून उठू नका, शेवटी एक सवाल आहे आणि तो तुम्हालाच आहे.

त्या बाईचं नाव प्रेरणा. बजाजनगरात राहते, वाळूजच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात कामाला आहे. मेला तो आकाश, तिचा धाकटा भाऊ. तोही तिकडंच दुसऱ्या एका कारखान्यात वेल्डिंग करायचा. त्यांचं गाव गंगापूरच्या रस्त्यावरून आत गेलं की लागतं. गावात आई केसरबाई एकटी. गावाच्या डोक्यावर धोंडमाळ. धोंडमाळ म्हणजे गायरान, आणि त्या गायरानाची एक कड बौद्धवाड्यातल्या घरांनी दगड वेचून, कोर्टात खेटे घालून, वेळेला डोकी फोडून घेऊन राखलेली. बाकीचा माळ गुरांचा आणि पाखरांचा. दर रविवारी हे बहीणभाऊ तिथं कॅमेरे गळ्यात घालून फिरायचे. भावकीत त्यांची टिंगल व्हायची. एका लग्नात मामानं केसरबाईला विचारलं, "लोकायची लेकरं वकील व्हतात, तहसीलदार व्हतात, तुझी कामून चिमण्या मोजत फिरतात?" केसरबाई म्हणाली, "दारूमागं फिरत नायत, पाखरामागं फिरतात. तुझी कशामागं फिरतात ते सांग आधी." मामा जेवायला उठून गेला.

मे महिना सरत आला की धोंडमाळावर काही उरत नाही, असं लोकांना वाटतं. कुसळ जळालेलं, ओढा सुका, दगडाला हात लावला तर फोड यावा. पण टिटवी त्याच दिवसांत उघड्या मुरमात अंडी घालते. धाविक नावाचा भुऱ्या रंगाचा पक्षी पिल्लं घेऊन तुरुतुरु पळत असतो. आणि फुलं नसतात, पाणी नसतं, म्हणून फुलपाखरं ओल शोधत फिरतात. कुठं म्हैस मुतली, कुठं शेळी मेली, तिथं जाऊन बसतात, सोंड लावतात आणि मीठ ओढतात. नराला मीठ लागतं. हे आकाशला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्यानं धंदाच केला होता. चिंचेच्या दोन झाडांखाली सावलीत तो दर रविवारी पहाटे एक ओल तयार करायचा. कॅनभर पाणी, मूठभर मीठ, एक सडकं केळ.

"आणि बाकीचं आपलं घरचं," असं म्हणून तो झाडामागं जायचा.

"लाज धर जरा," प्रेरणा म्हणायची.

"ताई, फुलपाखराला अत्तर नाय लागत, मूत लागतं. नाजूक-बिजूक काय नसतंय ते. कविता करणाऱ्यायला सांग जाऊन."

ऊन चढलं की त्या ओलीवर पाकोळ्यांचा थवा बसायचा आणि ही दोघं पोटावर पडून फोटो काढायची. पण ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो येत नव्हता. ब्लॅक राजा. काळपट तपकिरी, पंखावर दुधाळ पट्टा, मागं दोन-दोन शेपट्या. त्याची अळी चिंचेच्या पाल्यावर वाढते, म्हणजे तो इथं असणारच, असा आकाशचा हिशेब. त्यानं एकदा डोळ्यांनी बघितला होता, फोटो मिळाला नव्हता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात राजा बसला होता. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "राजा येऊ दे, मग राणीचं बघू."

आता माऊली. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. गळ्यात तुळशीची माळ, समोर येईल त्याला "माऊली" म्हणतो, म्हणून माऊली. मुरमाच्या ठेकेदाराचा माणूस. रस्त्याचं काम सुरू झालं आणि धोंडमाळाला त्याचा जेसीबी लागला. परवानगी पलीकडच्या गटाची, खोदणं गायरानात. गावाला माहीत, तलाठ्याला माहीत, साहेब, तुम्हालाही माहीत. कुणी बोललं नाही. बोलली एक टिटवी. जेसीबी तिच्या अंड्यांच्या जवळ आला तशी ती पंख पसरून बकेटवर धावून गेली, आणि आकाशनं तेवढ्यात बटण दाबलं. फोटो झकास आला. त्यानं तो त्यांच्या माळरान नावाच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं, "ही साधी टिटवी का माळटिटवी?" ग्रुपवर तासभर गालाच्या रंगावरून वाद झाला. त्यांच्यातल्या एकाचंही लक्ष मागच्या टिप्परच्या नंबराकडं गेलं नाही. शहरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी गेलं. फोटो फिरला, पेपरात छापून आला, वर मथळा, गायरानात बेकायदा उपसा.

माऊलीनं आकाशला पारावर गाठलं.

"आकाशराव, पाखरायचे फोटो काढता का आमच्या गाड्यायचे?"

"टिटवीचा काढला. गाडी मधी आली."

"गाडी मधी आली," माऊली बाकीच्यांकडं बघून हसला. "आन आमच्या गाडीच्या मधी कुणी आलं की काय व्हतं, ठाव हाय का माऊली?"

आकाशनं हे प्रेरणाला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "थोडे रविवार जाऊ दे. माळावर नको जाऊ."

"अंडी फुटायची हायत अजून, ताई. जेसीबी कधी वरून जाईल सांगता येत नाय. म्या भवती दगडं लावून आलोय."

हा त्यांचा कायदा होता. घरट्याला हात लावायचा नाही. अंडं उचलायचं नाही, काडी हलवायची नाही, जवळ उभं राहायचं नाही. लांबून चार दगडांचं रिंगण करायचं, म्हणजे गुराख्याला कळतं आणि गुरं वळतात. हा कायदा लक्षात ठेवा, साहेब. ह्याच कायद्यानं पुढं घात केला.

त्या शनिवारी आकाश गावी गेला. आईच्या हातची भाकर खाल्ली आणि उन्हाळ्यात पडायचा तसा गायरानाच्या कडेच्या त्यांच्या पट्टीतल्या खोपीवर झोपायला गेला. रविवारी प्रेरणा स्कूटीवरून थेट माळाच्या पायथ्याशी आली. फोन लावला, बंद. चार्जिंगला लावायचं विसरला असणार, दुसरं काय. ती चढायला लागली.

चिंचेखाली ओल नव्हती. पण चिंचेच्या पुढं, टिप्परच्या चाकोरीच्या कडेला, जमीन हलत होती. निदान लांबून तसं दिसलं. पिवळी, पांढरी, केशरी फुलपाखरं दाटीवाटीनं बसलेली, पंख उघडत मिटत होती. प्रेरणाला वाटलं, आकाशनं आज जागा बदलली. सावलीतून उन्हात आणली, म्हणून इतकी आली. ती मनात म्हणाली, बेणं हुशार आहे.

आणि मधोमध राजा.

ती श्वास धरून खाली बसली, मग पोटावर पडली. कोपर टेकवत, सरपटत पुढं गेली. कॅमेरा डोळ्याला. राजा उडाला नाही. त्याची सोंड ओलीत रुतलेली, शेपट्या थरथरत होत्या. तिनं फोटोवर फोटो काढले. एका कुशीवर वळून, मग दुसऱ्या. खाली मऊ लागत होतं, चिकट लागत होतं, पण त्यांच्या ओलीत झोपणं तिला नवं नव्हतं. मुरूम मुळातच तांबडा. फोटो काढून झाल्यावर तिनं तिथं पडल्या पडल्याच कॅमेऱ्याच्या पडद्याचा मोबाइलनं फोटो घेतला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ब्लॅक राजा ना? नर?" मग आकाशला वेगळा पाठवला. "कुठं मेलास, राजा आलाय बघ."

मग तिच्या नाकात वास शिरला. मुताचा नव्हता, केळाचाही नव्हता. कारखान्यात लेथवर कुणाचं बोट जातं तेव्हा येतो तो वास. तिनं कोपर उचललं, ते सुटताना चरचरलं. कोपरापासून मनगटापर्यंत हात लाल-काळा. कुर्त्याचा पुढचा सगळा भाग लाल-काळा. ती उठून बसली तशी फुलपाखरं उडाली, आणि खाली जे होतं ते उघडं पडलं. घागर फुटावी तसं रक्त पसरलेलं. त्यात दात. मुळासकट आलेला, पांढरा. एका धोंड्याच्या कडेला केसांचा पुंजका चिकटलेला, खाली कातडीसकट. कॅमेऱ्याचा तुटलेला पट्टा. शिवणीवर निळा दोरा होता. तो दोरा तिनंच घातला होता.

ती ओरडली नाही. ती वाचायला लागली. माळावर इतकी वर्षं फिरून जमीन वाचायची सवय झाली होती, कुठं ससा बसला, कुठं मुंगूस वळलं. इथं चार माणसं होती. जोडे. एकाचा टाचेजवळ फाटलेला. माती चौफेर उकरलेली, म्हणजे पडलेला माणूस गोल गोल फिरला होता, मार चुकवत. एका जागी मूठभर मुरूम ओरबाडलेला, पाच बोटांच्या रेघा. आणि तिथून दोन टाचांच्या दोन चाकोऱ्या खदानीकडं गेलेल्या. सरळ. त्यात कुठं धडपड नव्हती.

ती त्या चाकोऱ्यांच्या कडेनं गेली आणि कडेवरून खाली बघितलं.

आकाश पाठीवर पडला होता. एक पाय गुडघ्यापासून उलटा. एक कुत्रं त्याच्या हाताशी होतं. प्रेरणानं धोंडा उचलून फेकला, लागला नाही. दुसरा फेकला, कुत्र्याच्या बरगडीत बसला, ते केकाटत पळालं. ती बसत, घसरत, ढोपरं सोलत खाली उतरली. आकाशचा जबडा एका बाजूला सरकलेला. डोक्याची मागची बाजू हाताला लागली तेव्हा आत गेली. आणि उजवा हात. कुत्र्यानं मनगट फाडलं होतं, पण बोटं कुत्र्यानं केली नव्हती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट दगडावर ठेवून ठेचलेलं. बटण दाबणारं बोट तर राहिलंच नव्हतं. वरून पडलेल्या माणसाची बोटं अशी एकेक करून फुटत नाहीत, साहेब.

खिशात तिचा फोन वाजत होता. ग्रुपवरचे जाणकार उठले होते. "अप्रतिम. ब्लॅक राजा, नर. मिठाच्या ओलीवर दिसतोय. अभिनंदन." पुढं टाळ्या, फुलं, हात जोडलेले.

मग तिनं तुमच्या ठाण्याला फोन लावला आणि पुन्हा वर आली. आता ऐका, तिनं काय केलं. दात उचलला नाही. पट्टा उचलला नाही. केसांचा धोंडा जागचा हलवला नाही. लांबून चार दगडांचं रिंगण केलं आणि बाजूला उभी राहिली. घरट्याला हात लावायचा नाही. येतील ते जाणकार येतील, बघतील, ओळखतील, असं तिला वाटलं. तिला असं वाटावं, ह्याची लाज तिला वाटायला पाहिजे का तुम्हाला?

तुम्ही आलात तेव्हा ऊन भाजत होतं. तुमच्यामागं माऊलीची गाडी. त्यानं थंड पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या, हवालदारांना वाटल्या. पंच म्हणून गावातल्या कडुबानानाला धरून आणलेलं. कडुबा म्हातारा शेतकरी, त्याची जमीन माळाच्या उताराला लागून. तो टोपी हातात घेऊन उभा होता आणि मढ्याकडं सोडून सगळीकडं बघत होता.

"साहेब, वर चला," प्रेरणा म्हणाली. "मारलं वर. इथं टाकलंय फक्त."

"वर काय आहे?"

"रक्त हाय. दात हाय त्याचा. वडून आणल्याच्या खुणा हायत."

"तुम्हाला कसं सापडलं?"

"फुलपाखरं बसली व्हती त्याच्यावर."

हवालदार हसला. तुम्ही हसला नाहीत, पण मिशीत काहीतरी हललं. "फुलपाखरं फुलावर बसतात, बाई."

"रक्तावर बी बसतात. मीठ असतं त्यात."

माऊली मध्ये पडला. "साहेब, ह्ये लोकं मिठाचं पाणी वततात माळावर. पाकोळ्या याव्या म्हणून. सगळ्या गावाला ठाव हाय. इचारा की, कडुबानाना."

कडुबा टोपीकडं बघत म्हणाला, "वततात. व्हय."

आकाशची पाठीवरची पिशवी त्याच्यासोबत खदानीत फेकलेली होती. ती हवालदारानं उघडली. दुर्बीण फुटलेली. पाण्याचा कॅन, काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट. केळं, काळं पडलेलं. आणि मिठाचा पुडा.

"हे बघा," तुम्ही म्हणालात. "मीठ."

"पुडा फोडलेला नाय, साहेब," प्रेरणा म्हणाली. "कॅन भरलेला हाय. त्यानं आज ओल केलीच नाय. करायच्या आधीच धरला त्याला. पुडा बघा की. बंद हाय."

तुम्ही पुडा हातात घेतलात. उलटा केलात, सुलटा केलात. मग दातानं त्याचा कोपरा फाडलात, चिमूटभर तळहातावर घेतलंत आणि जिभेला लावलंत. "मीठच आहे," म्हणालात. बाकीचं थोडं खाली सांडलं. आणि हवालदाराला सांगितलंत, "लिही. अर्धवट वापरलेला मिठाचा पुडा, एक."

प्रेरणा बघत राहिली. कडुबा बघत राहिला. त्यानं त्या कागदावर अंगठा नाही, सही केली. त्याला लिहिता येतं.

मढं घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तुम्ही गेलात. वर कुणी चढलं नाही.

केसरबाई मात्र चढली. तिला वाड्यातल्या बायांनी दवाखान्याच्या गाडीत बसवलं होतं, ती उतरून माळाकडं चालत निघाली. दगडांच्या रिंगणाजवळ येऊन तिनं प्रेरणाला विचारलं, "कुठं सांडलं माझं पोर?"

प्रेरणानं बोट दाखवलं. रक्त आता वाळून काळं पडत होतं, पण फुलपाखरं परत येऊन बसली होती. केसरबाईनं ती हाकलली नाहीत. रिंगणाच्या कडेला पदर पसरून बसली.

"कुणाला फोन लावलास?"

"सगळ्यायला लावला आई. उद्या येतो म्हणतात. रविवार हाय म्हणतात."

"मंग आपून बसू उद्यापातूर."

उद्यापर्यंत कोण बसू देतंय. जेसीबीचा आवाज खालून वर आला. पुढं माऊली चालत, मागं तो पिवळा सांगाडा, त्याच्यामागं रिकामा टिप्पर.

"बाजूला व्हा, माऊली," माऊली केसरबाईला म्हणाला. "भरायचं हाय. रस्त्याचं काम थांबत नसतं."

"इथून नको भरू," प्रेरणा म्हणाली. "सगळा माळ पडलाय. एवढी जागा सोड उद्यापर्यंत."

"पंचनामा झालाय. साहेबांनी जागा मोकळी केली." तो रिंगणाजवळ आला आणि पायानं एक दगड उडवला. तो घरंगळत जाऊन दातावर पडला. "हेच का तुमचं घरटं?"

प्रेरणानं त्याला ढकललं. त्यानं तिच्या कानशिलात अशी दिली की ती आडवी झाली. मग केस धरून तिला चाकोरीतून ओढलं, त्याच चाकोरीतून. गळ्यातला कॅमेरा हिसकला आणि धोंड्यावर आपटला, एकदा, मग परत, आतली काच बाहेर येईस्तोवर. वरच्या खुणांचे तिनं काढलेले फोटो त्यातच होते, कार्डासकट गेले. "काढ फोटो. काढ की. राजाचा काढला ना, आता माझा काढ."

प्रेरणाच्या पाठीला तिची काठी होती, कॅमेरा टेकवायची, ॲल्युमिनियमची. ती दोन्ही हातांनी धरून तिनं खालून वर हाणली. माऊलीच्या तोंडात बसली. ओठ फाटून लोंबला, रक्ताची चूळ बाहेर आली आणि तिच्यासोबत दात. ती परत मारायला उठली. तिनं मारलं. खांद्यावर, मानेवर, तो वाकला तेव्हा पाठीवर. तिला थांबायचं नव्हतं. टिप्परवाल्यानं मागून तिच्या कमरेत लाथ घातली, ती पडली, त्यानं तिच्या मनगटावर बूट ठेवला. कड असा आवाज झाला. बुटाची टाच फाटलेली होती. तिनं ती ओळखली.

तेवढ्यात टिटवी ओरडायला लागली. जेसीबीचं पुढचं चाक आकाशनं लावलेल्या दुसऱ्या रिंगणावरून गेलं होतं. अंडी चाकाखाली. नर-मादी दोन्ही पाखरं जेसीबीच्या काचेवर झेपावत होती, ओरडत होती, आणि आत बसलेलं पोरगं बिहारचं का कुठलं, घाबरून दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसलं.

केसरबाई उठली नाही. ती पुढं सरकली आणि रक्ताच्या त्या जागेवर पालथी झोपली. तोंड मातीत, हात पसरलेले.

"चला," माऊली तोंड धरून ओरडला.

"अम्मा लेटी हैं," पोरगं म्हणालं. "मैं नहीं चलाऊँगा." त्यानं चावी तशीच ठेवली, खाली उडी मारली आणि माळावरून पळत सुटलं. साहेब, त्या सगळ्या दुपारभरात तेवढा एकच माणूस माणसासारखा वागला, आणि तो सरकारी नोकरीत नव्हता.

माऊली स्वतः आत चढला. त्याला जेसीबी नीट येत नव्हता. बकेट वर गेली, डगमगली, केसरबाईच्या बाजूला आपटली. बकेटचे दात मुरमात रुतले. मग त्यानं ओढली. माती आली, धोंडे आले, केसांचा तो धोंडा आला, आकाशचा दात त्यात कुठं गेला कळलं नाही, आणि मातीबरोबर म्हातारीचा एक पाय आला. ती फरफटत गेली. मांडीचं हाड मोडलं तेव्हा ती ओरडली, पहिल्यांदा आणि शेवटचं. बकेट टिप्परमध्ये रिकामी झाली. परत आली. परत भरली. तिसऱ्या खेपेला तिथं जागाच उरली नाही, एक खड्डा उरला. टिप्पर भरून खाली गेला. ती माती आता रस्त्यात आहे. रोलर फिरला तिच्यावर, डांबर पडलं. तुमची गाडी तिच्यावरून जाते, साहेब. तुमचा रस्ता तोच आहे.

आता माऊली, तुम्ही, ठेकेदार, सगळे मिळून एक गोष्ट विसरलात. केसरबाईच्या मुठी.

दवाखान्यात पायाला वजन लावलं, सलाइन लावायला नर्स हात धरायला गेली तर मुठी उघडेनात. म्हातारी शुद्धीत नव्हती, पण मुठी घट्ट. नर्सनं प्रेरणाला बोलावलं. प्रेरणाचा एक हात प्लास्टरमध्ये. तिनं दुसऱ्या हातानं आपला जेवणाचा स्टीलचा डबा उघडला, पालथ्या मुठीखाली धरला आणि आईच्या कानाशी म्हणाली, "आई, सोड. मी हाय." मग एकेक बोट उघडलं. दोन्ही मुठींतून काळी झालेली, गोठलेली माती डब्यात पडली. तिनं झाकण लावलं.

तो डबा घेऊन ती तुमच्याकडं आली. तुम्ही काय म्हणालात ते तिला तोंडपाठ आहे.

"नमुना रीतसर घेतलेला नाही. तो तपासायला पाठवता येत नाही."

"मंग तुम्ही रीतसर घ्या. माझ्या आईच्या नखात अजून हाय."

"त्यात मीठ निघेल, बाई. तुमच्याच ग्रुपवरच्या माणसानं लिहिलंय, मिठाच्या ओलीवर दिसतोय. आम्ही काढून ठेवलंय ते." तुम्ही फाइल थोपटलीत. "आणि दुसरं, तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय. जबर दुखापत. फिर्यादीचे तीन दात पडलेत."

माऊलीचे दात तुम्ही मोजून लिहिलेत. आकाशचा एक होता, तो बघायला तुम्ही चढ चढला नाहीत.

कडुबा एकदा दवाखान्यात येऊन गेला. केसरबाईच्या खाटेपाशी उभा राहिला, पिशवीतून चार आंबे काढून ठेवले.

"पुडा बंद व्हता, पोरी," तो म्हणाला. "म्या बघितलं."

"हे तिथं बोलाल, नाना?"

कडुबानं म्हातारीच्या मुठींकडं बघितलं. "माझं वावर त्याच माळाखाली हाय," म्हणाला आणि गेला. आंबे प्रेरणानं शेजारच्या खाटेला देऊन टाकले.

केसरबाई आता खाटेवरून उठत नाही. बोलते. रोज एकच विचारते, "आलं का काही?" प्रेरणा रविवारी माळावर जाते, मोडक्या हातानं, उसना कॅमेरा घेऊन. खड्ड्याच्या कडेला टिटवीनं परत अंडी घातलीत. तिनं भोवती दगड लावलेत. डबा तिच्या पिशवीतच असतो, झाकण कधी उघडत नाही.

ग्रुप तिनं सोडला नाही. तिथं एकच वाक्य टाकलं, फोटोखाली, जिथं टाळ्या पडल्या होत्या तिथं. "ही मिठाची ओल नाही, हे माझ्या भावाचं रक्त आहे." त्यावर कुणी काही लिहिलं नाही. एकानं हात जोडले. मग दुसऱ्या दिवशी कुणीतरी धाविकाच्या पिल्लाचा फोटो टाकला आणि लोक त्यावर बोलायला लागले.

तर साहेब, आता तुमचा सवाल. मिठाचा पुडा तुम्ही तुमच्या दातानं फोडलात, पंचासमोर, मढ्यासमोर. त्याआधी तो बंद होता. पाण्याचा कॅन भरलेला होता, तो कॅन तुमच्याच जप्तीत आहे, झाकण अजून घट्ट आहे. आकाशनं पाणी ओतलं नाही, मीठ टाकलं नाही. मे महिना होता, ओढा कोरडा होता, माळावर थेंब नव्हता. मग फुलपाखरं ज्या ओलीवर बसली ती ओल कशाची होती?

फुलपाखरांनी त्यांचं सांगितलं. तुम्ही सांगा. लिहून द्या, खाली सही करा, शिक्का मारा. प्रेरणा बाहेर बाकावर बसली आहे, मांडीवर डबा आहे. उत्तर घेतल्याशिवाय ती उठणार नाही. बोला, साहेब, ओल कशाची होती?